हवा, पाणी आणि रॉकेल

१९७२ सालच्या दुष्काळातली गोष्ट आहे. मुंबई बंदरात उतरलेल्या मिलोची पोती घेऊन ट्रक आमच्या नाशकावरून पुढे खानदेशाकडे आणि मराठवाड्याकडे जात. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून लागलो होतो. पाने पुसायचे, चहा आणायचा आणि उस्तादांच्या मागे पिशवी घेऊन हिंडायचे, एवढेच माझे काम. एका सकाळी निरोप आला, की इगतपुरीच्या अलीकडे एक गाडी रात्रीपासून उभी आहे. गेलो. ड्रायव्हर अगदी रडकुंडीला आलेला. गाडी चार-पाच किलोमीटर चालायची आणि दम तोडायची. पंधरा-वीस मिनिटे थांबले की पुन्हा सुरू व्हायची. कसाऱ्याचा घाट ती अशीच रडतखडत चढली होती. खाली शहापुरात एका मिस्त्रीने नोझल बदलले होते, कसाऱ्यात दुसऱ्याने फिल्टर बदलला होता. खिशातले पैसे संपले होते, रोग तसाच होता.

उस्तादांनी बॉनेटला हातही लावला नाही. ते सरळ टाकीपाशी गेले, झाकणाला कान लावला आणि झाकण हळूच सैल केले. आत हवा शिरल्याचा 'सुस्स' असा लांब आवाज झाला. घाटात डिझेल हिंदकळून सांडू नये म्हणून हुशार क्लीनरने झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला होता. त्यामुळे झाकणाला हवेसाठी ठेवलेले बारीक भोक बुजले. पंप टाकीतून तेल ओढत राहणार, त्या तेलाची जागा घ्यायला बाहेरची हवा येणार नाही. मग टाकीत पोकळी तयार होऊन तेल पुढे सरकेनासे होणार. गाडी थांबली की हवा कुठून तरी हळूहळू आत झिरपायची आणि गाडी पुन्हा चालू व्हायची. उस्ताद मालेगावचे. ते मला म्हणाले, "बेटा, पहले टाकी देख. तेल जिधर से चलता है, तू भी उधर से चल."

पुढे पन्नास वर्षे मी हेच केले. आधी गॅरेज, मग डिझेल पंप दुरुस्तीची स्वतःची छोटी खोली, शेवटची काही वर्षे पोरांना शिकवणे. टाकीपासून सिलिंडरपर्यंत तेल नीट पोचत नाही, या एकाच तक्रारीवर माझे पोट चालले. आज त्या तेलाच्या वाटेचा इतिहास सांगायचा आहे, आणि त्यात एक गोष्ट अशीही आहे, जी मी वेळेवर सांगितली नाही.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नाही. आत घेतलेली हवा इतकी दाबायची, की ती आपोआप तापून लाल निखाऱ्यासारखी व्हावी, आणि त्या क्षणी तेल आत सोडायचे. ही कल्पना रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरची. १८९२ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १७ फेब्रुवारी १८९७ या दिवशी आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची प्राध्यापक श्रोटर यांनी रीतसर चाचणी घेतली. इंधनातल्या शक्तीपैकी सव्वीस टक्क्यांच्या आसपास कामाला लागते, असे त्यात दिसले. वाफेची इंजिने त्या काळी याच्या जवळपासही नव्हती.

पण गोम पुढेच होती. दाबलेल्या हवेत तेल घालायचे कसे? बंद खोलीत आतून वारा बाहेर ढकलत असताना दाराच्या फटीतून पाणी शिंपडायला जावे, तसा हा प्रकार. डिझेलने तोड काढली ती अशी, की त्याहूनही जास्त दाबाची हवा वेगळ्या कॉम्प्रेसरने तयार करायची आणि तिच्या झोताबरोबर तेल आत फुंकायचे. तोड उत्तम होती, पण तो कॉम्प्रेसर भारी अवजड आणि नाजूक, इंजिनाचीच शक्ती खाणारा. म्हणून डिझेलचे इंजिन जहाजात बसले, वीजघरात बसले, पण रस्त्यावर येईना. स्वतः डिझेल २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला. डिझेलचे ट्रक बाजारात आलेले त्याने पाहिले नाहीत.

रस्त्यावर ते आले १९२३-२४ साली, बेन्झ आणि 'मान' या जर्मन कंपन्यांच्या ट्रकांमधून. हवेच्या झोताशिवाय, नुसत्या पंपाच्या जोरावर तेल आत मारण्याची युक्ती तोवर बऱ्याच जणांनी करून पाहिली होती. पण तो पंप हजारोंच्या संख्येने, एकासारखा एक बनवणे ही वेगळीच विद्या. ती श्टुटगार्टच्या रोबेर्ट बॉशच्या कारखान्याने साधली. १९२२ मध्ये काम सुरू झाले आणि १९२७ मध्ये पंप बाजारात आला.

हा पंप मी हजारो वेळा उघडला असेल. तरी अजून त्याचे कौतुक ओसरत नाही. सहा सिलिंडरांचे इंजिन असेल तर त्यात एका रांगेत सहा दट्टे. प्रत्येक दट्टा बोटाच्या पेराएवढ्या जाडीचाही नाही. तो ज्या नळीत खालीवर होतो, तिच्यात आणि त्याच्यात अंतर किती? दोन-तीन मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी साठ-सत्तर मायक्रॉन धरा, म्हणजे अंदाज येईल. मध्ये रबर नाही, पॅकिंग नाही, काही नाही. धातूला धातू भिडलेला, आणि वंगण कशाचे, तर त्याच डिझेलचे. दट्ट्याला बाजूने तिरकी खाच कापलेली असते. ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आतला रॅक सरकतो, दट्टा स्वतःभोवती थोडा फिरतो आणि त्या तिरक्या खाचेमुळे तेल कमी-जास्त होते. पूर्ण भाराला एका वेळी साधारण एक थेंब तेल. इंजिन नुसते घुरघुरत उभे असेल तर त्या थेंबाचा पाचवा-सहावा हिस्सा. आणि जोरात चालताना हे प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला वीस वेळा. नोझल उघडते ते दोनशे बारच्या आसपासच्या दाबाला, म्हणजे ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ तीसपट.

एवढा नाजूक जिन्नस आपल्या धुळीच्या, चिखलाच्या, उन्हाच्या देशात आला तो स्वातंत्र्यानंतर. त्याआधी रस्त्यावर होते ते मुख्यतः पेट्रोलचे ट्रक, महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेले. १९५१ मध्ये बंगळूरला 'मायको', म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, सुरू झाली आणि बॉशचे पंप, नोझल इथेच बनू लागले. १९५४ मध्ये टेल्कोने डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक काढला. तो करार १९६९ पर्यंत चालला. तारा गेला आणि त्याच्या जागी 'टी' आला, तरी जुने ड्रायव्हर गाडीला मर्सिडीजच म्हणत. मद्रासकडे अशोक लेलँड. पुढे मायकोचा एक कारखाना आमच्या नाशकातच सातपूरला आला आणि तिथे नोझल बनू लागली. नाशिक जिल्ह्यात नोझल बनते, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. या जिल्ह्याचा उल्लेख पुढे वेगळ्या कारणाने येणार आहे.

आता या वाटेवर बिघाड कसा शोधत, ते सांगतो. हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून आले नाही. कंपनीची मॅन्युअले इंग्रजीत, तीही डीलरच्या कपाटात. ढाब्याढाब्यावर, एका क्लीनरकडून दुसऱ्याकडे ते गेले.

पहिला शत्रू हवा. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. पंपाच्या नळीत हवेचा एवढासा बुडबुडा शिरला तरी दट्टा त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो आणि नोझलपर्यंत जोर पोचतच नाही. याला आमच्याकडे 'गाडीने एअर घेतली' म्हणतात. मग एअर काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि पंपाच्या बाजूला असलेला छोटा हातपंप मारत राहायचे. आधी फेस येतो, मग फसफस, मग शुद्ध तेलाची धार. धार आली की स्क्रू चालू धारेतच आवळायचा; थांबून आवळला तर पुन्हा हवा. मग पंपावरचा स्क्रू, तीच क्रिया. तरीही इंजिन घेत नसेल तर नोझलकडच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारायचा.

यात गंमत अशी, की हातपंप मारताना हातालाच रोग कळतो. दांडा दाबताना भरीव लागला तर ठीक. पोकळ, हलका लागत राहिला तर मागे कुठे तरी हवा शिरते आहे. आणि वर ओढलेला दांडा कुणी खालून धरल्यासारखा मागे खेचला गेला, तर टाकीकडून येणारी वाट तुंबली आहे. उस्ताद मला डोळे मिटून हातपंप मारायला लावत. गाडीखाली अंधारात काम करायचे तर डोळ्यांचा उपयोग काय, असे त्यांचे म्हणणे.

नव्या पोरांना एक गोष्ट पटत नसे. ती अशी, की टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीला चीर गेली असेल तर डिझेल गळायला हवे. ते गळत नाही. टाकी खाली, पंप वर. इंजिन चालू असताना त्या नळीतून तेल ओढले जात असते. म्हणून चिरेतून तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. नळी वरून कोरडी ठणठणीत, आणि चोर तीच. दिवसभर चांगली चाललेली गाडी सकाळी सुरू होत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते. रात्रभर हवा आत शिरते आणि तेल हळूच टाकीकडे उतरते. यावर रस्त्यातले उपाय ठरलेले होते. टाकी गळत असेल तर अंगाला लावायचा साबण त्या जागी घासून बसवायचा; साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. तांब्याचा वॉशर जुना होऊन कडक झाला असेल तर चहावाल्याच्या स्टोव्हवर लाल करायचा आणि गार करून पुन्हा बसवायचा. तांबे मऊ होते. कित्येक गाड्या अशा साबण-वॉशरवर कन्याकुमारीला जाऊन आल्या असतील.

एक सिलिंडर मार खात असेल, म्हणजे गाडी मिस मारत असेल, तर एकेका नळीचा नट सैल करायचा. नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बदलला तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच. शाळेत मास्तर एकेका मुलाला गप्प बसवून गोंगाट कुणाचा ते काढतात, तसे. धुरावरूनही कळते. काळा धूर म्हणजे तेल जास्त किंवा नोझल ठिबकते आहे, पांढरा म्हणजे तेल न जळता बाहेर पडते आहे, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे.

दुसरा शत्रू पाणी. अर्धी टाकी रिकामी ठेवून गाडी रात्रभर थंडीत उभी केली, की आतल्या हवेतला ओलावा टाकीच्या पत्र्यावर जमतो. पाणी डिझेलपेक्षा जड, तळाशी बसते. म्हणून जुने ड्रायव्हर मुक्कामाला टाकी भरून ठेवत आणि सकाळी फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून कपभर तेल काढत. पाण्याला वंगण नाही. त्या दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत पाणी गेले, की दट्ट्याला गंज, आणि गंजाला औषध नाही. लडाखकडे जाणारे ड्रायव्हर तिसराच त्रास सांगत: थंडीने डिझेलमधले मेण गोठते आणि फिल्टर बुजतो. मग टाकीखाली चिंध्या पेटवायच्या. हे ऐकूनच माझ्या अंगावर काटा येई. तिथल्यासाठी न गोठणारे डिझेल बाजारात यायला २०१९ साल उजाडले.

हवा आणि पाणी हे निसर्गाचे शत्रू. त्यांचा राग येत नाही.

मी पंप दुरुस्तीची स्वतःची खोली टाकली ती १९८४ मध्ये. तिच्यात एक टेस्ट बेंच होता. त्यावर पंप चढवून फिरवायचा आणि सहा काचेच्या नळ्यांत सहा दट्ट्यांचे तेल किती पडते ते मोजायचे. सहाही नळ्यांत तेल एका पातळीत उभे राहिले, की काम झाले. सुरुवातीला चांगल्या गाडीचा पंप वर्षानुवर्षे माझ्याकडे परत येत नसे. पुढे हे गणित बिघडले. नव्वदीच्या दशकात तेच पंप दोन वर्षांत, मग वर्षात येऊ लागले. तक्रारही तीच. गार असताना गाडी ठीक, पण गरम झाली की सुरू होत नाही; चढाला ओढत नाही. पंप उघडावा तर दट्ट्याच्या वरच्या टोकाला, तिरक्या खाचेशेजारी, धुरकट पट्टा. आरशासारखा असायला हवा तो दट्टा तिथे काचेवर श्वास सोडल्यासारखा दिसे. भिंगाखाली उभे ओरखडे.

कारण मला कळत नव्हते असे नाही. तेल बोटांवर घेऊन चोळले की कळायचे. डिझेल बोटावर रेंगाळते. हे तेल पातळ, पटकन उडून जाणारे, आणि वासाला ओळखीचे. आमच्या सगळ्यांच्या घरात तेव्हा तोच वास स्टोव्हपाशी येई.

रेशनचे रॉकेल सरकारी अनुदानामुळे डिझेलच्या मानाने फारच स्वस्त मिळे. पुढे २०१० च्या सुमारास तर त्याचा भाव डिझेलच्या एक तृतीयांशाच्या आसपास होता. गरिबाच्या चुलीसाठी निघालेले ते रॉकेल ओळखू यावे म्हणून निळे रंगवलेले असे, तरी मधल्या वाटेने टँकरमध्ये जाई. इंजिनाला रॉकेल चालते का? जळते, हो. पण पंपाला चालत नाही. ते पातळ असल्याने दट्ट्याच्या फटीतून मागे निसटते, म्हणून गरम झाल्यावर दाब बनत नाही आणि गाडी सुरू होत नाही. त्याला वंगणाचा अंगगुण कमी, म्हणून झीज. मग मालक म्हणणार, गाडी ओढत नाही, पंप वाढवून द्या. आम्ही स्क्रू फिरवून तेल वाढवून देत असू. पुढच्या खेपेला टाकीत चांगले डिझेल पडले की तीच गाडी काळा धूर ओकत घाट चढायची, आणि मागचे लोक म्हणायचे, बघा कशा गाड्या ठेवतात.

ही भेसळ पकडणे सोपे नव्हते. एक साधन म्हणजे घनता. डिझेलची घनता त्या काळच्या मापदंडाप्रमाणे ०.८२० ते ०.८६० यांच्यामध्ये असायला हवी. आता हिशेब करा. मूळ डिझेल ०.८४५ चे असेल आणि त्यात पाचवा हिस्सा ०.७९५ चे रॉकेल मिसळले, तर मिश्रण येते ०.८३५. म्हणजे मापदंडात अगदी फिट्ट. म्हणून नुसती घनता पाहून भागत नाही. टँकर आला त्या दिवशी चलनावर किती घनता लिहिली होती आणि आज किती भरते, हे ताडून पाहावे लागते. फरक ०.००३ च्या आत हवा. पेट्रोल पंपावर ही नोंद ठेवलेली असते आणि ग्राहकाला ती पाहायचा हक्क आहे. तो किती ड्रायव्हरांनी वापरला? रात्री दोन वाजता, माल भरलेला, मागे दहा गाड्यांची रांग.

आता न सांगितलेली गोष्ट. २००३ मध्ये दिंडोरी तालुक्यातला एक तरुण माझ्याकडे येई. कर्ज काढून जुना ट्रक घेतलेला, स्वतःच चालवायचा. पिंपळगाव-लासलगावचा कांदा बाहेर न्यायचा. दीड वर्षात त्याचा पंप तिसऱ्यांदा माझ्या बेंचवर आला. त्या वेळी गाडी वाटेत दोन दिवस पडली होती आणि निम्मा कांदा सडला. कांदा काही थांबत नाही. व्यापाऱ्याने भाडे कापले. एलिमेंट बदलायचे पैसे त्याने बायकोच्या पाटल्या ठेवून आणले होते. तो म्हणाला, "काका, खरं सांगा. तुमचं काम कच्चं राहतं, की माझं नशीबच तसलं?"

मी म्हणालो, "चांगल्या पंपावर डिझेल भरत जा."

"चांगला कुठला, काका?"

मला ठाऊक होते. निदान वाईट कुठले ते तरी ठाऊक होते. माझ्या खिडकीत काचेच्या बरण्या रांगेने ठेवलेल्या असत, वेगवेगळ्या गाड्यांच्या फिल्टरमधून काढलेल्या तेलाच्या, आणि कुठली गाडी कुठे भरते हे ड्रायव्हरच सांगत. पण मी गप्प बसलो. नाव घेतले तर कुणाच्या कानावर जाईल ही भीती होती. आणि खोटे कशाला बोलू, दुसरेही कारण होते. महिन्याला चार पंप यायचे तिथे बारा येत होते. दोन पोरे हाताखाली ठेवली होती. माझ्या बिलावर 'एलिमेंट झिजले, बदलले' एवढेच असे. कशाने झिजले, याला बिलात रकाना नव्हता. पुढच्या वर्षी त्या तरुणाने गाडी विकली आणि दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून राहिला.

जे बोलले त्यांचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १९ नोव्हेंबर २००५ ला उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी एस. मंजुनाथ याला गोळ्या घालून मारले. भेसळीसाठी त्याने पंपावर कारवाई केली होती. लखनौच्या आयआयएममध्ये शिकलेला मुलगा. ती बातमी मी वाचली आणि दूरची म्हणून बाजूला ठेवली.

दुसरी बातमी दूरची नव्हती. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत आणि तिथून टँकर चहूकडे जातात. २५ जानेवारी २०११ च्या दुपारी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या बाजूने जात असताना त्यांना एका ठिकाणी टँकरमधून इंधन काढण्याचा संशयास्पद प्रकार दिसला. ते उतरले, चौकशी करू लागले. त्यांना तिथेच पेटवून दिले. दिवसाढवळ्या, रस्त्याच्या कडेला, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी. मुख्य आरोपी स्वतःही भाजला होता, तो काही दिवसांत इस्पितळात मेला. राज्यभरातले सरकारी कर्मचारी काम बंद ठेवून रस्त्यावर आले, ठिकठिकाणी छापे पडले.

त्या आठवड्यात माझी खोली बंद होती. मी शटर अर्धे ओढून आत बसून राहिलो. खिडकीत बरण्या होत्या. नाशिक जिल्ह्यातच मायक्रॉनच्या हिशेबाने घासून नोझल बनत होते, नाशिक जिल्ह्यातच ते नासत होते, आणि त्याचा पुरावा वीस वर्षे माझ्या खिडकीत उन्हात उभा होता. लोक बातमीत वाचत होते ते मी रोज बोटांनी चोळत होतो.

भेसळ थांबली का? पूर्ण नाही. पण तिच्यातली मलई गेली. ती छाप्यांनी गेली त्याहून अधिक भावामुळे गेली, असे माझे मत आहे. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर थोडा थोडा वाढवत नेला आणि २०२० पर्यंत त्यावरचे अनुदान संपले. गॅस घरोघर गेला, स्टोव्ह माळ्यावर गेले. स्वस्त रॉकेलच उरले नाही, तर मिसळणार काय? सोनवणे गेले तेव्हा हा निर्णय झालेला असता तर, असा विचार मनात येतो. असो.

तोवर आमचा पंपही गेला. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. डिझेलमधले गंधक दहा लाखांत पन्नास भागांवरून दहा भागांवर आणले. नव्या ट्रकमध्ये आता एका जाड नळीत तेल सोळाशे, दोन हजार बार दाबाने तयार ठेवलेले असते आणि नोझल कधी उघडायचे ते कॉम्प्युटर ठरवतो. याला कॉमन रेल म्हणतात. आमची ती नट सैल करून पाहायची पद्धत इथे चालत नाही. कुणी करायला गेले, तर तेलाची सुईसारखी धार कातडीतून हातात घुसेल. मी पोरांना शिकवताना हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहीत असे. बिघाड झाला की डॅशबोर्डवर दिवा लागतो, कंपनीची गाडी येते, स्कॅनर लावतात, आकडा येतो. इंजिने आता धूर ओकत नाहीत, तेल कमी पितात. मी त्याबद्दल कुरकुर करणार नाही.

मागच्या पावसाळ्यात नातवाबरोबर घोटीकडून येत होतो. कडेला एक नवा कोरा ट्रक उभा होता. ड्रायव्हर आणि क्लीनर, दोघेही विशीतले, मोबाइलवर कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसलेले. डॅशबोर्डवर फिल्टरमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला होता, म्हणून त्यांनी तळाचा स्क्रू उघडून पाणी काढले होते. ते बरोबरच केले. पण त्यानंतर गाडी सुरू होईना. मी म्हटले, "अरे, एअर घेतली तिने." दोघे माझ्याकडे पाहत राहिले. नव्या गाडीत इतके काही बदलले, तरी फिल्टरच्या डोक्यावर हातपंप अजून असतो. कुठे असतो ते त्या क्लीनरला माहीत नव्हते. मी त्याचा हात धरून त्यावर ठेवला आणि म्हणालो, "डोळे मीट आणि मार. हलका लागतोय ना? जड लागेपर्यंत मारत राहा."